गाडीचा पंखा सारखा चालू-बंद होतोय? ‘डायरेक्ट’ करण्याआधी एवढं तपासा

सातारा : ऊन तापायला लागलं की गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. गाडी उभी असताना रेडिएटरचा पंखा घर्र करून सुरू होतो, थोड्या वेळात बंद पडतो आणि परत सुरू होतो. यावर अनेकदा झटपट इलाज सुचवला जातो, ‘पंखा डायरेक्ट करून टाकू.’ म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू, चावी काढली की बंद. गाडीमालकाचं तात्पुरतं समाधान होतं. पण गाडीत खरंच दोष असेल तर तो झाकला जातो, आणि दोष नसेल तर धडधाकट गाडीची वायर उगाच कापली जाते. म्हणून आधी नेमकं काय चाललंय ते समजून घेणं गरजेचं आहे.

पंखा कधी सुरू होतो?

इंजिनाची उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत आणतं आणि तिथे हवा ती काढून घेते. गाडी ५०-६० च्या वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वारा बहुतेक वेळा पुरेसा असतो, पंख्याची फारशी गरज लागत नाही. गाडी थांबली किंवा उसाच्या ट्रॉलीमागे रांगत निघाली की वारा मिळत नाही. मग कूलंटचं तापमान वाढतं, सेन्सर ते कळवतो आणि पंखा सुरू होतो.

बहुतेक पेट्रोल गाड्यांत साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पंखा लागतो आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की थांबतो. नेमका आकडा गाडीच्या मॉडेलप्रमाणे बदलतो. म्हणजे उभ्या गाडीत पंखा मिनिटभर चालणं, दोन-तीन मिनिटं थांबणं आणि परत लागणं हा बिघाड नाही. पंख्याचं कामच ते आहे.

एसी लावल्यावर मात्र हिशेब बदलतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही थंड करावं लागतं. त्यामुळे इंजिन फार गरम नसलं तरी पंखा फिरतो. काही गाड्यांत तो सलग चालतो, काहींत कंप्रेसरबरोबर चालू-बंद होतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो. जुन्या जीप आणि पिकअपमध्ये इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंखा असतो, त्यांना हा सगळा प्रकार लागू नाही.

मग काळजी कधी करायची?

नुसतं पंख्याकडे बघून काही कळत नाही. पंखा आणि तापमान दोन्ही एकत्र बघावं लागतं. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, इंजिन थंड असताना निळा आणि जास्त तापल्यावर लाल दिवा लागतो. अशा वेळी गॅरेजमधल्या स्कॅनरवर तापमानाचा आकडा दिसतो.

- पंखा चालू-बंद होतोय आणि काटा मधोमध स्थिर आहे : काळजी नको.
- पंखा जोरात फिरतोय तरी काटा चढतोय : पंखा ठीक आहे, दोष कूलंटमध्ये किंवा हवेच्या वाटेत आहे.
- काटा चढतोय आणि पंखा गप्प आहे : फ्यूज, रिले, वायर, मोटर किंवा सेन्सर तपासा.
- सकाळी थंड इंजिन सुरू करताच, एसी बंद असतानाही पंखा पळतोय : सेन्सर किंवा त्याच्या वायरीवर संशय घ्या.
- दर दोन-चार सेकंदांनी पंखा लागतो-विझतो, किंवा खड्ड्यात आदळल्यावर बंद पडतो : कुठेतरी जोड ढिला आहे.

घरच्या घरी काय बघता येईल?

पहिलं काम कूलंट बघण्याचं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बाटलीतली पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये आहे का ते पाहावं. कूलंट कमी असेल तर आत हवा अडकते. सेन्सरला कधी कूलंट लागतं, कधी नुसती वाफ, मग तो चुकीचं तापमान सांगतो आणि पंखा वेड्यासारखा वागतो. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी, नुसती भर घालत राहू नये.

दुसरं, सपाट जागी एसी बंद करून गाडी चालू ठेवावी. पंखा लागायला आणि थांबायला किती वेळ घेतो ते मोबाइलवर मोजावं. मग एसी लावून तेच करावं. ही वेळ मेकॅनिकला सांगितली तर त्याचं अर्धं काम होतं.

तिसरं, रेडिएटरची जाळी. धूळ, किडे, उसाचं पाचट आणि शेतरस्त्यावरचा चिखल तिथे अडकून बसतो. हवाच आत गेली नाही तर पंखा जास्त वेळ चालणारच. इंजिन थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवावी. प्रेशर पंप जवळून मारला तर बारीक पत्र्या वाकतात.

एक खबरदारी कायम ठेवावी. गाडी बंद असली तरी पंख्यात हात घालू नये, तो अचानक सुरू होऊ शकतो. हात घालायचाच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावं?

आधी स्वस्त गोष्टी तपासायला सांगाव्यात. फ्यूज बघणं, त्याच क्षमतेचा दुसरा रिले लावून पाहणं, अर्थिंगचा जोड आणि सेन्सरचा प्लग साफ करणं, याला फारसा खर्च नाही. मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन ती फिरते का हेही लगेच कळतं. टकटक केल्यावर फिरू लागणाऱ्या मोटरचे कार्बन बहुधा झिजलेले असतात.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत स्कॅनरवर दिसणारं कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच असायला हवं. पहाटे २० अंश हवा आणि स्कॅनरवर ७० अंश दिसले तर सेन्सर किंवा वायर खोटं बोलतेय. सगळं ठीक असूनही गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, वॉटर पंप आणि आतून चोंदलेला रेडिएटर यांचा नंबर लागतो. माण-खटावच्या भागात कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी भरत राहिलं की रेडिएटर असाच आतून चोंदतो.

‘डायरेक्ट’ का नको?

पंखा कायम फिरत राहिला की मोटर लवकर झिजते, बॅटरी आणि अल्टरनेटरवर ताण येतो. रिले-फ्यूज न लावता वायर जोडली असेल तर ती तापून आग लागण्याचाही धोका आहे. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर इंजिन लवकर तापत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं. आणि खरा दोष तसाच वाढत राहतो. कूलंट संपून इंजिन तापलं की हेड गॅस्केट जातं. शंभर-दोनशेच्या रिलेवर भागणारं काम मग हजारोंच्या घरात जातं.

घाटात काटा चढला तर

पसरणी, केळघर किंवा खंबाटकी घाट चढताना काटा वर जाऊ लागला तर लगेच एसी बंद करावा. हीटर पूर्ण सोडावा, त्याने इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यावी. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला तर इंजिन बंद करावं.

रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नये. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं, झाकण फिरवताच उसळून तोंडावर, हातावर येतं. किमान अर्धा तास थांबावं आणि वरचा पाइप हाताला थंड लागल्यावरच झाकण उघडावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. थांबल्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर होईल, पण इंजिन वाचेल आणि हातही भाजणार नाही.