पंप भरण्याआधी बागेतला राखणदार ओळखा

सोलापूर : डाळिंबाच्या कोवळ्या पानाखाली कधी कधी केसाएवढ्या बारीक दांड्यांवर हिरवट अंडी उभी दिसतात. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. बुरशी आली असं समजून अनेक जण लगेच फवारणीचा पंप भरायला घेतात. आमचं म्हणणं एवढंच, की दोन मिनिटं थांबा. ती अंडी बागेच्या राखणदाराची आहेत.

सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच केगावला आहे. बाग करणारे शेतकरी, माल उचलणारे बागवान बांधव आणि फवारणी करणारे मजूर, अशी कितीतरी घरं या फळावर चालतात. औषधाचा खर्च, फळात उरणारा अंश आणि पंप मारणाऱ्याची तब्येत, हे तिन्ही प्रश्न याच घरांचे आहेत.

हा किडा कोण?

शेतकरी याला क्रायसोपा म्हणून ओळखतात. शास्त्रीय नाव क्रायसोपर्ला. मोठा झाल्यावर तो नाजूक, हिरवा आणि जाळीदार पंखांचा असतो. रात्री दिव्याभोवतीही येतो. प्रौढ किडा मध, परागकण आणि माव्याच्या चिकट गोड स्रावावर जगतो. खरी शिकार करते ती अळी. विळ्यासारख्या पोकळ जबड्यांनी ती मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि पतंगांची अंडी पकडते व आतला रस शोषून घेते. ही अळी इतकी खादाड, की शेजारचं भावंडही सोडत नाही. अंडी दांडीवर असतात ती त्यासाठीच. मुंग्या आणि आधी बाहेर पडलेल्या अळ्या, दोघांपासूनही ती वाचतात.

खानदान फार जुनं

क्रायसोपा ज्या मोठ्या घराण्यातला आहे, त्याच्या तीन शाखा आहेत. जाळीदार पंखांच्या शाखेत जवळपास 6 हजार जाती आहेत. दुसऱ्या शाखेत सुमारे 400 जाती असून त्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात. तिसरी शाखा सर्पमाशांची. मान लांब, डोकं सापासारखं उचललेलं, म्हणून हे नाव. त्यांच्या जाती सुमारे 250 उरल्या आहेत.

सर्पमाशी सोलापुरात शोधू नका, मिळणार नाही. तिची अळी झाडाच्या सालीखाली दोन-तीन वर्षं वाढते आणि पुढच्या वाढीसाठी तिला कडक थंडी लागते. त्यामुळे ती उत्तर गोलार्धातल्या थंड भागात आणि डोंगराळ प्रदेशातच आढळते. पण डायनासोरच्या काळात ती उष्ण प्रदेशातही होती. ब्राझीलच्या खडकात आणि म्यानमारच्या अंबरमध्ये तिचे जीवाश्म सापडले आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या महासंहारात उष्ण भागातल्या जाती संपल्या आणि थंडी सोसणाऱ्या तेवढ्या वाचल्या, असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे.

आधी सर्पमाशी आणि पाण्यातल्या शाखेला सख्ख्या बहिणी मानत. अलीकडे डीएनएची तुलना झाली, तेव्हा सर्पमाशीची शाखा सर्वांत आधी वेगळी झाल्याचं दिसलं. भुंगेरे हे या साऱ्यांचे जवळचे नातेवाईक निघाले.

या घराण्यातला आणखी एक सदस्य मात्र आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. भिंतीच्या आडोशाला भुसभुशीत मातीत गोल खळगे करून तळाशी मुंगीची वाट बघणारा किडा हा क्रायसोपाचाच भाऊबंद. मोठा झाल्यावर तो चतुरासारखा दिसतो.

नाव चुकलं होतं

आपल्या शेतातल्या क्रायसोपाला अनेक वर्षं युरोपातल्याच जातीचं नाव दिलं जात होतं. या जाती दिसायला इतक्या सारख्या, की डोळ्यांनी फरक कळणं अवघड. ओळख पटते ती त्यांच्या ‘गाण्या’वरून. नर-मादी पोट थरथरवतात आणि ती कंपनं पानातून एकमेकांपर्यंत पोहोचतात. ताल जुळला तरच जोडी जमते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय किड्याचं गाणं तपासलं गेलं. तो युरोपचा नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या जातीचा नातलग निघाला. म्हणजे युरोपातल्या किड्यावरचे निष्कर्ष आपल्या उन्हातल्या बागेला जसेच्या तसे लावून चालणार नाही.

आपण काय करावं?

पानाची खालची बाजू बघूनच फवारणी ठरवा. कीड थोडी आणि अळ्या भरपूर असतील, तर काही दिवस थांबता येतं. सरसकट सगळे किडे मारणारं औषध टाळा. बांधावर मका, ज्वारी लावली तर प्रौढ किड्यांना पराग मिळतो. विकत आणलेली अंडी ताज्या फवारणीनंतर सोडू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की तेल्या रोगावर क्रायसोपा हा इलाज नाही. त्यासाठी केंद्राचा सल्ला घ्या.

कुरआनात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाने सूरह आहेत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी ‘किताब अल-हयवान’ हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. लहान जिवाकडे लक्ष देऊन बघणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. या बहारात ती पानाखालून सुरू करू या.