देहविक्रय, दारिद्र्य आणि ख्रिस्ती विचार

देहविक्रयाबद्दल बोलताना ख्रिस्ती धर्मविचाराने दीर्घकाळ बाईच्या पापावर बोट ठेवले. तिला तिथवर ढकलणाऱ्या भुकेचा विचार मागे राहिला. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी ही उणीव कृतीने भरून काढली. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी देहविक्रयात सापडलेल्या स्त्रियांना आसरा देताना त्यांनी पाहिल्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांच्या मनाला भिडली. तिच्याशी येशू तुच्छतेने नव्हे, आदराने बोलतो. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. उपाशी मुलगी दलालाच्या हाती सहज लागते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच तेथील त्यांच्या मुक्ती सदनात प्रार्थनेइतकेच शिक्षण, विणकाम आणि छपाई यांना महत्त्व होते. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले.

भुकेमागच्या कारणांकडे पाहत पुढे लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी धर्मशास्त्राने अन्यायी अर्थव्यवस्थेलाच पाप म्हटले.

पण या विचारात स्त्रियांचा स्वतःचा आवाजही हवा. सांगलीत 1996 मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापली. सक्तीच्या सुटकेपेक्षा हक्क द्या, ही त्यांची मागणी. उद्धाराची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेने आधी या स्त्रियांचे म्हणणे ऐकले पाहिजे.