चैत्रातल्या गोधड्या

होळीची राख निवली, रंगपंचमीचे डाग अंगणातून धुतले गेले, की आमच्या कराडच्या घरात माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात. थंडी सरलेली असते आणि पाऊस अजून दोन-सव्वादोन महिने लांब असतो. जाड गोधडी धुऊन सकाळी वाळत घातली, तर दिवस मावळायच्या आत ती कडकडीत वाळावी, असं ऊन याच दिवसांत मिळतं. पावसाळ्यात तीच गोधडी चार-चार दिवस ओलसर राहते आणि तिला एकदा कुबट वास लागला की तो काही केल्या जात नाही. म्हणून पापड, कुरडया, सांडगे, तिखटाच्या मिरच्या आणि वर्षाचे गहू यांच्याबरोबर चैत्रातल्या गच्चीवर गोधड्यांचाही हक्काचा वाटा असतो.

हे खातं आमच्या वहिनींकडे. १९६९ साली त्या या घरात आल्या, तेव्हापासून एकही चैत्र त्यांनी चुकवलेला नाही. आता शहात्तरी गाठली, तरी क्रम तोच. प्रत्येक गोधडी आधी उजेडासमोर धरायची. जिथून उजेड दिसतो तिथे आतलं कापड विरलं, असं समजायचं. मग चार ढीग होतात. नुसतं ऊन द्यायच्या, धुवायच्या, धुऊन ठिगळ लावायच्या आणि ज्यांचं वरचं कापड आता टाकाही धरणार नाही अशा. हा चौथा ढीगही टाकायचा नसतो. त्यातली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. आमच्या घरी आज पांघरली जाणारी एक गोधडी उसवली, तर आत माझ्या आईनं शिवलेली सापडेल, आणि तिच्याही आत आजीच्या लुगड्याचा एखादा थर निघेल.

लहानपणी गोधड्या धुवायला आम्ही कृष्णेवर जात असू. रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवलेल्या गोधड्यांची ओझी डोक्यावर घेऊन बायका घाटावर यायच्या. कोरडी असताना दोन-अडीच किलोची गोधडी पाणी प्याली की एकटीला उचलत नाही. ती पिळायला दोघं लागतात. दोन टोकांना दोघांनी धरायचं आणि उलट्या दिशांनी पिळा द्यायचा. दुसरं टोक आम्हां मुलांच्या हाती असायचं आणि हात भरून यायचे. आता हे सारं गच्चीवरच्या टाकीजवळ होतं, रिठ्याची जागा साबणाच्या पावडरीनं घेतली आहे. पण पिळायला दोघं लागतात ती लागतातच.

मोडकं-उसवलेलं पाहून झालं की पाडव्यानंतर नव्या गोधडीला हात लागतो. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं यांच्या गडबडीतून दुपारचे दोन तास मोकळे काढायचे. दिवस मोठा असतो आणि सुईला उजेड लागतो. माजघरात फरशी पुसून तळाचं कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, वर एकेक थर सुरकुती न पडता पसरायचा, मग सगळ्या थरांना लांब-लांब कच्चा दोरा घालून ते जागच्या जागी धरून ठेवायचे. काठ दुमडायचा आणि बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू करायचा. एक चौकट पुरी झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी. असं करत सुई मध्यापर्यंत पोचते. बाहेरून आत येण्यामागे शहाणपण आहे. काठ आधी पक्का झाला की थर सरकत नाहीत.

वहिनींकडे उषाचं मशीन आहे. तुकडे जोडायला त्या ते वापरतात. पण सहा-सात थर त्याच्या सुईखाली नीट सरकत नाहीत, आणि मशीनची टीप इतकी आवळून बसते की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हातच्या टाक्यात थोडी ढील राहते, म्हणून गोधडी अंगाला लपेटून बसते. दोरा सुती, दुहेरी, मेणबत्तीवर ओढून घेतलेला, म्हणजे गुंता होत नाही. बोटात अंगुस्तान.

खरी अडचण आता कापडाची आहे. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. सहा फुटांची गोधडी धरली तर एका लुगड्याचे साडेचार थर निघतात आणि पन्हाही जवळजवळ पुरतो. त्यात एखादं धोतर घातलं की काम झालं. सहावारीचे तीनच थर होतात. पुढे टेरिकॉट आणि नायलॉन घरात शिरलं, तेव्हा तर हिशेबच बिघडला. ते कापड घाम टिपत नाही, सुईखाली निसटतं आणि गोधडीच्या पोटात गोळा होऊन बसतं. नवीन सुती कापड आणावं तर त्याला खळ असते, सुई अडते, आणि धुतल्यावर ते आटून सगळे टाके ओढले जातात. शंभरदा धुऊन मऊ पडलेलं सुती कापड दुकानात मिळत नाही. ते कुणीतरी वर्षानुवर्षं नेसलेलंच असावं लागतं.

ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालात कांथा आहे, बिहारमध्ये सुजनी आहे. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडी त्रिकोणांचं फूल असतं. आणि आपल्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) तर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र आयुष्यभर अंगावर मिरवलं. चिंधीची लाज वाटू नये, ही शिकवण त्यांना वेगळी सांगावी लागली नाही.

गोधडीतून उरलेलं कापडही वाया जात नाही. बाळंतिणीसाठी दुपटी आणि कुंची, उशीचे अभ्रे, बाजारच्या पिशव्या, गरम भांडं धरायची चौकोनी फडकी आणि सगळ्यांत शेवटी पायपुसणं. वहिनींच्या हातून महिन्याला असलं काहीतरी निघतंच, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मागच्या वर्षी ओळखीचे एक गृहस्थ गोधडी बघून हरखले. म्हणाले, “अशीच एक करून द्या, पैसे सांगाल ते.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही बँकेतले. किती सांगू?”

मी कागद घेतला. सहा बाय चार फूट, दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे सगळ्या ओळी मिळून सुमारे एकशे दहा मीटर दोरवा. सेंटिमीटरला एक टाका धरला तर अकरा हजार टाके. मिनिटाला आठ म्हटलं तरी तेवीस तास, म्हणजे रोजच्या दोन तासांप्रमाणे बारा दुपारी. कापड लावणं, काठ दुमडणं, सुई ओवणं वेगळं.

वहिनी हसल्या. “व्याज लावायचं राहिलं की!” मग जरा थांबून म्हणाल्या, “शिवून देईन मी. पण दरसाल उसवेल ते कोण शिवणार यांच्या घरी?”

त्या प्रश्नानं माझा हिशेब तिथेच थांबला. गोधडी एकदा विकत घेता येते. तिचा दरवर्षीचा चैत्र विकत मिळत नाही. आज कितीतरी गावांत बचत गटांच्या बायका गोधड्या शिवून विकतात, त्यांना त्यातून चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण उजेडासमोर धरून पाहणं, ठिगळ लावणं, पिळणं, उन्हात उलटसुलट करणं, हे काम कुठल्याच किमतीत धरलेलं नसतं.

बँकेत असताना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली शिलाई मशीनसाठी कर्जं दिलेली मला आठवतात. अर्जात धंद्याचा रकाना असे. “काय करता?” असं विचारलं की बाई हमखास सांगे, “काही नाही, घरीच असते.” राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७, असं त्यात दिसलं. त्या २९९ मिनिटांतच कुठेतरी आमच्या गोधड्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दिसतं चांगलं, पण आता बोटं लवकर दुखतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीला गोधडी हवी होती. वहिनींनी अट घातली, “चैत्रात दोन दिवस धुवायला येणार असशील तर देईन.” पोरीनं फ्लॅटमध्ये वाळत घालायला जागा नाही, मशीनमध्ये गोधडी मावत नाही, असं सगळं सांगून पाहिलं. वहिनी बधल्या नाहीत. “म्हणून तर इथे ये म्हणते.”

यंदा पाडव्याला ती आली, येताना धाकट्या भावालाही घेऊन आली. पिळायला एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. दुपारी नात सुई घेऊन बसली. तिचे पहिले टाके लांब आणि वाकडे पडले. आम्ही सगळे कौतुक करत होतो, वहिनींनी शांतपणे सांगितलं, “उसव. एवढ्या लांब टाक्यात झोपेत पायाचा अंगठा अडकतो.” तिनं उसवलं आणि पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी टाका बसायला लागला.

अर्धी गोधडी घेऊन ती पुण्याला गेली आहे. मधल्या सात-आठ चौकटी राहिल्यात. काल फोनवर ती दोऱ्याचा गुंता होतो म्हणून तक्रार करत होती. वहिनींनी मेणबत्तीची आठवण करून दिली, आणि मृग लागायच्या आत ऊन द्यायला गोधडी इकडे घेऊन यायला सांगितलं.