असिसी ते लूर्ड्स : नकाशावरील अंतर आणि यात्रेकरूचा दिवस

युरोपच्या तीर्थयात्रेस निघणारे अनेक भाविक एकाच फेरीत असिसी आणि लूर्ड्स या दोन्ही स्थळांचे दर्शन घेऊ इच्छितात. असिसीकर संत फ्रान्सिस यांचे निधन १२२६ साली झाले. २०२६ हे त्याचे ८०० वे वर्ष. लूर्ड्स येथे १८५८ साली पवित्र मरियेने बर्नाडेटला १८ वेळा दर्शन दिले. या दोन स्थळांमधील विमानप्रवास 'पावणेदोन तासांचा' असे सांगितले जाते. हा आकडा कसा येतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

असिसीला जवळचा विमानतळ पेरुजाचा. त्याला संत फ्रान्सिस यांचेच नाव दिलेले आहे. लूर्ड्ससाठी तार्ब-लूर्ड्स-पिरेनीज हा विमानतळ असून तेथून तीर्थक्षेत्र सुमारे १० किलोमीटरवर आहे. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे ४३ अंश उत्तरेस आहेत. त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,०१५ किलोमीटर भरते. रस्त्याने मात्र जिनोआ, नीस, तुलूझ असा वळसा घ्यावा लागत असल्याने तेच अंतर १,३०० किलोमीटरच्या आसपास जाते.

जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर हे अंतर कापण्यास सुमारे ७६ मिनिटे लागतात. धावपट्टीवरील हालचाल, चढण आणि उतरण यांसाठी अर्धा तास मिळवला की पावणेदोन तास होतात. या भागात उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे लूर्ड्सकडे जाताना काही मिनिटे अधिक, तर परतताना काही मिनिटे कमी लागतात. इटली आणि फ्रान्स यांचे घड्याळ एकच असल्याने तिकिटावरील वेळांची वजाबाकी सरळ करता येते.

परंतु हे गणित केवळ दोन बिंदूंमधील अंतराचे आहे. त्या मार्गावर त्या दिवशी विमान आहे की नाही, याचा विचार त्यात नसतो. लूर्ड्सला यात्रेच्या हंगामात खास विमाने येतात. थेट विमान मिळाले, तरी असिसीहून विमानतळ गाठणे, दोन तास आधीची हजेरी, सामानाची प्रतीक्षा आणि शेवटचा बसप्रवास धरता पाच तास सहज जातात. मोठ्या शहरात विमान बदलावे लागल्यास संपूर्ण दिवस प्रवासात जातो. अशा दिवशी सायंकाळच्या मेणबत्ती मिरवणुकीची आशा यात्रेकरूंना दाखवू नये.

लूर्ड्सला जाणाऱ्यांत वृद्ध आणि आजारी अधिक असतात, म्हणून ही बाब आम्ही गंभीर मानतो. पहिला जागतिक रुग्ण दिन ११ फेब्रुवारी १९९३ रोजी लूर्ड्स येथेच साजरा झाला, याचे येथे स्मरण व्हावे. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालण्यास असमर्थ प्रवाशांना विमानतळावर चाकाची खुर्ची व मदत विनामूल्य मिळते. मात्र तशी सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते.

तेव्हा यात्रेचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : विमान थेट आहे काय? निवासस्थान ते निवासस्थान एकूण किती तास लागतील? आजाऱ्यांसाठी मदतीची नोंद झाली आहे काय? एक स्थळ कमी झाले तरी चालेल. पण यात्रेकरू मातेच्या गुंफेपाशी पोहोचेल, तेव्हा प्रार्थना करण्याइतके त्राण त्याच्या अंगी उरलेले असावे.