खोट्या पिस्तुलाची झीज

नाटकातलं लाकडी पिस्तूल नुसतं काळं रंगवलं, की ते पहिल्या रांगेतूनही खेळणं वाटतं. ते जुनं दिसावं म्हणून मातकट रंग फासून भागत नाही. हात कुठं लागतो, हे आधी पाहावं लागतं. चामडी खोळीत घासून नळीचं टोक आणि कडा उजळतात. तिथं कोरड्या कुंचल्यानं चंदेरी रंग पुसट लावावा, वर शिसपेन्सिलीची पूड चोळावी. मूठ घामानं काळपट, गुळगुळीत होते. तांबूस गंज फक्त खाचांत, जिथं फडकं पोचत नाही. तोही लोखंडालाच, परंड्याहून १६३२ साली विजापूरला गेलेल्या मलिक-ए-मैदानसारख्या कांस्य तोफेवर तो शोभणार नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्यानं सोलापूरकडून येऊन नळदुर्ग घेतलं. त्या काळावरच्या नाटकात पिस्तूल कुणाच्याही हाती असो, ते वापरलेलं दिसायला हवं. हत्यार झिजतं तेव्हा कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. प्रेक्षकाला ते न सांगता कळावं. मात्र प्रयोग संपताच ते पेटीत कुलूपबंद करावं. रंगमंचावर खरं वाटणारं पिस्तूल रस्त्यावरही खरंच वाटतं.