बॉल खंय आसा?

मार्च महिन्यात डिचोली तालुक्यातल्या या अंगणवाडीची सकाळ खिशांपासून सुरू होते. काजूचा हंगाम. वाटेत पडलेली बी न उचलता पुढे जाईल असं पोर इथं अजून जन्मायचं आहे. सालीतलं तेल हाताला, तोंडाला लागलं की फोड येतात, म्हणून बाई दारातच एकेकाचा खिसा उलटा करतात आणि बिया पत्र्याच्या डब्यात टाकतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी सव्वाचार वर्षांची एक मुलगी स्वतःच दोन्ही खिसे बाहेर काढून उभी राहिली. खिसे रिकामे. उजवा हात मात्र पाठीमागे.

"हातांत कितें आसा गो?"

"कांयच ना."

बाईंनी हात पुढे ओढून बी काढून घेतली. रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळून, नातवाला पहिला दात आल्याचं सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "गेल्या वर्षी हिला हे जमत नव्हतं. विचारलं की मूठ उघडून दाखवायची."

मी पेडण्याची. लहान मुलांच्या समजेविषयी बरीच वर्षं वाचत आले होते, पण पुस्तकातली मुलं बहुतेक जिनिव्हातली नाहीतर अमेरिकेतली. वाड्यावरची मुलं आठवडाभर बघत बसावं, एवढाच बेत होता. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, भिंतीवर फळं, प्राणी आणि बाराखडी. बाई आणि मदतनीस. तीन ते सहा वर्षांची मुलं रोजची, आणि महिन्यातून एक-दोनदा वजनाला व शिध्याला येणारी त्याहून लहान, आईच्या कडेवरची.

शिध्याच्याच दिवशी एक गोष्ट दिसली, ती आधी सांगते. आता शिधा देण्यापूर्वी पोषण ट्रॅकर या ॲपवर आईचा चेहरा जुळवावा लागतो. आठ महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन एक आई बसली होती. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. बाळ 'आ' म्हणे, आई 'आ गो' म्हणे, बाळ पाय झाडी, आई भुवया उंच करी. पाळीपाळीनं, एकमेकांना मध्येच न तोडता. थोरांच्या बैठकीतही एवढी शिस्त क्वचितच दिसते. मग बाईंनी फोन समोर धरला. "हलू नको. सरळ बघ." आईचा चेहरा थिजला. रेंज नव्हती. चाक फिरत राहिलं.

बाळानं आधी हसून पाहिलं. उत्तर नाही. 'आ' केलं. नाही. मग आवाज चढवला, हनुवटीवर हात आपटला, ओठ ओढायला गेलं. आई दगडासारखी. शेवटी त्यानं मान वळवली, स्वतःचीच मूठ तोंडात घातली आणि जमिनीकडे बघत बसलं. जेमतेम दीड मिनिट. फोन खाली गेल्यावर आई हसली तरी ते लगेच वळलं नाही. थोडा वेळ रुसूनच होतं.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात हेच मुद्दाम घडवून पाहिलं होतं. आईनं काही वेळ बाळाशी खेळायचं, मग दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्यानं नुसतं पाहत राहायचं. काही महिन्यांची बाळंही अगदी याच क्रमानं वागली: आधी आर्जव, मग तक्रार, मग माघार. बोलणं यायच्या कितीतरी आधी मुलाला ठाऊक झालेलं असतं की आपण काही केलं की समोरून काहीतरी आलं पाहिजे. त्या प्रयोगासाठी ट्रॉनिकना प्रयोगशाळा लागली होती. इथं तो रेंज नसल्यामुळे फुकटात झाला. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून मी हल्ली बाळाला आधी मदतनिसाकडे देते. आज विसरले."

त्या बाळासमोर नंतर बाईंनी एक खुळखुळा धरला आणि त्याच्या देखत फडक्याखाली सारला. बाळ फडक्याकडे बघतच राहिलं, पण हात पुढे गेला नाही. जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर १९२०-३०च्या काळात अशाच नोंदी केल्या आणि ठरवलं की या वयाच्या बाळाच्या लेखी दिसेनाशी झालेली वस्तू उरतच नाही. पुढे रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवलं की पाच महिन्यांची बाळंसुद्धा, झाकलेल्या वस्तूच्या आरपार काही जाताना दिसलं, तर चकित होऊन जास्त वेळ पाहतात. म्हणजे वस्तू आहे हे त्यांना कळत असावं; हातानं फडकं उचलणं, हे निराळं काम. आमच्या आजीनं दोघांतल्या कुणालाच वाचलं नव्हतं. ती पदर तोंडावर घ्यायची, "खंय गेली?" म्हणायची, आणि थांबायची. खेळाची सगळी गंमत त्या थांबण्यात असते.

वर्षाच्या आगेमागे बोट येतं. हे बोट येणं मला दात येण्याहून मोठं वाटतं. तेरा महिन्यांचा एक मुलगा आजीच्या कडेवरून पंख्याकडे बोट दाखवत होता. त्याला पंखा नको होता. तो पंख्याकडे बघे, मग आजीकडे, मग परत पंख्याकडे. आजी "फॅन, फॅन फिरता" म्हणाली तेव्हा कुठे बोट खाली गेलं. मायकेल टोमासेलो म्हणतात ते हेच: माणसाचं मूल केवळ हवी ती वस्तू मागायला बोट दाखवत नाही, आपण दोघांनी मिळून एक गोष्ट बघावी म्हणून दाखवतं. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिच्याखाली अशी किती बोटं वर झालेली पाहिली आहेत. सुपारी, नारळ, कांगलां, घागऱ्यो. माटोळी वर्षातून एकदा येते. मूल तिच्याखाली कडेवर बसून नावांचा अख्खा कोश मागून घेतं.

शब्दांचं म्हणाल तर या खोलीत निदान चार भाषा ऐकू येतात. घरात कोंकणी, बडबडगीतं मराठी, कामासाठी आलेल्या कुटुंबांतली दोन मुलं कानडी, आणि टीव्हीवरची हिंदी सगळ्यांची. मुलं गोंधळतील अशी भीती आयांना वाटते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या संदर्भात फार आवडतो, कारण त्यात आपला 'ट' आणि 'त' आहे. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या या दोन ध्वनींतला फरक कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना कळत नव्हता. वर्षाचं होईपर्यंत बाळांनाही कळेनासा झाला. घरात जो फरक लागत नाही तो कान सोडून देतो. तेव्हा वाड्यावरच्या बाळाच्या कानाला चार भाषांचं ओझं होतं असं मानायचं कारण नाही.

अठरा-वीस महिन्यांच्या मुलांचा मला लळाच लागला. मदतनिसाच्या हातून पळी पडली आणि तिचे हात पिठाचे, तर एका पठ्ठ्यानं ती उचलून दिली, कुणी सांगितलेलं नसताना. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००६ साली या वयाच्या मुलांसमोर मुद्दाम वस्तू पाडून हेच पाहिलं. वस्तू चुकून पडली तर मुलं आणून देत; मुद्दाम टाकली तर फारशी देत नसत. पळी पडली की टाकली, हे पठ्ठ्याला कळलं होतं.

दुपारी मोठ्यांची घोडेमोडणी. शिगमो जवळ आला होता. घोडेमोडणी डिचोली, पेडणे, सत्तरीकडची. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात. इथं घोडा म्हणजे केरसुणी, तलवार म्हणजे पट्टी, ढोल म्हणजे बियांचा तोच जप्त डबा. तीन वर्षांचा एक घोडेस्वार थांबून केरसुणीला पाणी पाजत होता. पेला रिकामा. मी म्हटलं, "घोडा भिजेल ना?" त्यानं माझी कीव केली. "ती सारण." केरसुणीच ती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तहान घोड्याची होती. ॲलन लेस्ली यांनी १९८७ साली मांडलं की हे लटकं-खरं वेगळं ठेवता येणं, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं, ही दोन्ही एकाच जातीची कौशल्यं आहेत.

मग मी माझा प्रयोग मांडला. मूळ प्रयोग हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांचा. ऑस्ट्रियात १९८३ साली त्यांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परतलेला मॅक्सी कुठे शोधेल? माझ्याकडे कपाटं नव्हती. एक लाल डबा, एक नारळाची करटी आणि रबरी बॉल. मदतनिसानं बॉल डब्यात ठेवून स्वयंपाकघरात जायचं, मुलानं तो करटीखाली लपवायचा, आणि मी विचारायचं.

पहिला साडेतीन वर्षांचा. मी विचारलं, "ताई आल्यावर बॉल कुठं शोधेल?" तो माझ्याकडे बघत राहिला. पुस्तकी मराठीचा तो सूर त्याला परीक्षेचा वाटला असावा. बाई पुढे आल्या. "ती बॉल खंय सोदतली रे?" त्यानं लगेच करटीवर बोट ठेवलं. बॉल जिथं खरोखर आहे तिथं. त्याला ठाऊक, म्हणजे जगाला ठाऊक.

सव्वाचार वर्षांची, मुठीतल्या बीवाली, हसलीच. "डब्यांत! तिका खबर ना."

तिसरा जेमतेम चार. त्यानंही करटीकडे हात नेला. तेव्हा बाईंनी प्रश्न आपल्या मनानं बदलला: "पयलीं खंय सोदतली?" पोरगं घुटमळलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि हात डब्यावर गेला.

ही पढवणी झाली, असं मला वाटलं. घरी येऊन जुने कागद काढले तर १९९१ साली मायकेल सीगल आणि कॅरन बीटी यांनी नेमका हाच शब्द, 'पहिल्यांदा', घालून पाहिलेला. तीन वर्षांच्या मुलांची उत्तरं त्यामुळे सुधारली. 'कुठं शोधेल' याचा अर्थ मूल 'कुठं शोधायला हवं' असा घेतं, आणि भाबडेपणानं मदत करतं. बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. प्रश्न मुलापर्यंत पोचला नाही एवढंच त्यांना दिसलं. तीन मुलं म्हणजे शास्त्र नव्हे हे मला कळतं. पण कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड इथं मुलांसमोर वाटीखालची वस्तू हलवून केलेली २००५ सालची एक पाहणी आहे. तिथंही तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलं या उंबऱ्यावरून पलीकडे जाताना दिसली. त्याच वर्षी ओनिशी आणि बायार्जाँ यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांच्या नजरेतही ही समज दिसते असा दावा केला. पुढे इतरांनी करून पाहिलं. काहींना तसं दिसलं, काहींना नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडकांकडून आलेला. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारी योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ची. तिच्या वाढपत्रकावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे आहेत, आणि मूल कुठल्या पट्ट्यात आहे हे बाईंना झोपेतही सांगता येतं. २०२४ साली आलेल्या 'नवचेतना' आणि 'आधारशिला' या आराखड्यांत खेळ, बोलणं, भावना यांनाही जागा आहे. तरी संध्याकाळी फोनमध्ये भरलं जातं ते मुख्यतः वजन, उंची, हजेरी. 'विचारलं की मूठ उघडून दाखवायची' हे भरायला रकाना मला सापडला नाही. बाईंच्या डोक्यात तो आहे. खोटं बोलायला लागलेल्या मुलाबद्दल त्या आईला आधी शहाणपणाची बातमी देतात, समज मागाहून.

शेवटच्या दिवशी साडेतीन वर्षांचा तो मुलगा डबा आणि करटी घेऊन माझ्यापुढे बसला. आता पाळी त्याची. मला डोळे मिटायला लावले, खडबड आवाज झाला, आणि हुकूम आला, "उगड!" मग त्यानं बाईंच्या सुरात विचारलं, "बॉल खंय आसा?"

त्याची नजर करटीवर खिळलेली. मी बराच विचार केल्यासारखं करून डब्यावर हात ठेवला.

"न्हय गो," तो कळवळून म्हणाला, आणि मला पुन्हा चुकायला नको म्हणून त्यानं करटी स्वतःच उचलून धरली.