यात्रेकरूचा रुपया

तिसरी-चौथीच्या वर्गात जिल्ह्याची ओळख करून देताना आपण नद्या सांगतो, तालुके सांगतो, पिके सांगतो आणि शेवटी 'प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, राधानगरी अशी नावांची माळ मुलांकडून पाठ करवून घेतो. ही माळ मुलांना चटकन येते. परंतु ही स्थळे पाहावयास येणाऱ्या माणसांमुळे आपल्या जिल्ह्यात काय घडते, हा प्रश्न बहुधा विचारिला जात नाही. गेल्या हिवाळ्यात शाहूपुरीतील एका शाळेस भेट देण्याचा योग आला असता मी तो चौथीच्या वर्गात विचारून पाहिला. "कोल्हापूरला परगावचे लोक कशासाठी येतात?" यास सर्व वर्गाचे हात वर झाले. "ते आले म्हणजे तुमच्या घरी काय होते?" यास एकही हात वर झाला नाही. थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, बाबा जेवायला घरी येत नाहीत." त्याचे वडील रेल्वे स्थानकावर रिक्षा चालवितात.

त्या एका उत्तराने वर्गाची कुलपे उघडली. एकीची आई खाणावळीत भाकऱ्या थापावयास जाते. नवरात्रात तिला दोन वेळच्या ऐवजी तीन वेळा जावे लागते. एकाच्या घरी लॉजच्या चादरी धुवावयास येतात. कुंभार गल्लीतील एका मुलीने सांगितले की, गणपतीचा हंगाम आटोपला म्हणजे तिचे आजोबा पणत्या व देवीचे लहान मुखवटे करितात आणि ते महाद्वार रोडवर विकले जातात. पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारा विषय या वर्गात अर्धा तास पुरला. हा विषय शिक्षकबंधुभगिनींनी आपापल्या गावी कसा हाताळावा, यासाठी त्याची थोडी मांडणी येथे करीत आहे.

शाहूपुरीचेच उदाहरण प्रथम घेऊ. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली स्थानकाच्या आसऱ्याने ही व्यापारपेठ वसविली. पेठ गुळाची. परंतु ज्या गाडीने गुळाच्या रव्या बाहेर जात, त्याच गाडीने माणसे आत येत. आणि माणूस परगावी उतरला म्हणजे त्यास प्रथम तीन गोष्टी लागतात : पाणी, जेवण आणि पाठ टेकावयास जागा. गुळाची मोठी उलाढाल कालांतराने मार्केट यार्डात गेली. पाहुण्यांची सोय करणारा धंदा मात्र स्थानक व बसस्थानक यांच्या परिसरात टिकून राहिला व वाढला. परक्या माणसास आपल्यात ठेवून घेण्याची सवय या शहरास आणखी एका कारणाने लागली असावी असे मला वाटते. १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघत गेली आणि खेड्यापाड्यांतील मुले येथे राहून शिकली. ती मुले यात्रेकरू नव्हती; तरी पाहुण्याचे ताट वाढण्याचा सराव शहरास त्यांनीही दिला.

आता या ये-जा करण्यात काय फरक पडत चालला आहे ते पाहू. पूर्वी यात्रा तिथीने चाले. चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत, माघातील रविवारी लोक पायी खेटे घालीत, आश्विनात अंबाबाईचे नवरात्र आणि मार्गशीर्षात नरसोबाच्या वाडीस दत्तजयंती होई. दुकानदार पंचांग पाहून माल भरीत असे. हे सर्व आजही आहे. गुलालाने डोंगर आजही रंगतो. परंतु त्याच्या जोडीस दुसरे एक पंचांग आले आहे, ते कचेरीचे व शाळेचे. शनिवार-रविवार, दिवाळीची सुटी, डिसेंबरची अखेर आणि मे महिना या दिवसांत देवळाभोवतालच्या गल्ल्यांतून चालणे कठीण होते. दुसरा फरक स्त्रियांच्या प्रवासाचा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये स्त्रियांस निम्मे भाडे झाले. त्यापूर्वी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला होता. तेव्हापासून बसस्थानकावर दहा-बारा बायकांचा जथा, सोबत पुरुष नाही, प्रत्येकीच्या हाती ओटीचे सामान व डब्याची पिशवी, हे दृश्य नित्याचे झाले आहे. ज्यांनी आयुष्यभर 'घरच्यांस वेळ नाही' म्हणून दर्शन पुढे ढकलले, त्या या बायका. अर्थव्यवहाराच्या हिशेबात त्यांची खरेदी लहान असते, परंतु ती ओटी, बांगड्या, हळदकुंकू, साडीचा खण अशा हातावर पोट असणाऱ्या विक्रेत्यांकडेच होते, हे ध्यानात घ्यावे.

दक्षिणेकडील यात्रेकरूंचा प्रवाह निराळा आहे. तिरुपतीचे दर्शन अंबाबाईस भेटल्याविना पुरे होत नाही अशी श्रद्धा असून नवरात्रात तिरुपतीहून देवीसाठी शालू येतो. याखेरीज गोव्यास जाणारी मोटार वाटेत येथे थांबते, पुण्याहून वंदे भारत गाडी सप्टेंबर २०२४ पासून येते, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचे स्थान दिले, त्यांत आपला पन्हाळा आहे. राधानगरीचे अभयारण्य पश्चिम घाटाच्या नामांकनात २०१२ सालीच त्या यादीत गेले होते. एका जिल्ह्यात अशी दोन स्थळे असणे ही लहान गोष्ट नव्हे. मुलांस हे अभिमानाने सांगावे. मात्र नुसत्या अभिमानाने कोणाची चूल पेटत नाही, म्हणून पुढील हिशेब.

समजा, बार्शीहून चार माणसांचे एक कुटुंब आले व त्याने येथे ३,००० रुपये खर्च केले. त्यांपैकी निवासास १,०००, जेवणास ९००, रिक्षास ३००, ओटी-प्रसादास २०० आणि चपलांस ६००. हे आकडे फळ्यावर मांडावेत व प्रत्येक रकमेच्या मागे मुलांस चालावयास लावावे. जेवणाचे ९०० खाणावळवाल्याकडे गेले. त्याने त्यांतून करवीर तालुक्यातील शेतकऱ्याची भाजी घेतली, गवळ्याचे दूध घेतले, जोंधळे दळून आणिले, भाकरी करणाऱ्या बाईस मजुरी दिली. त्या बाईने मजुरीतून मुलाची वही घेतली. वहीचा दुकानदार रिक्षाने घरी गेला. याप्रमाणे बार्शीचा तोच रुपया येथे चार हातांतून फिरला आणि प्रत्येक हातास त्याने काही काम दिले. अर्थशास्त्रात यास गुणक म्हणतात. मुलांस तो शब्द सांगण्याची आवश्यकता नाही. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते, एवढे सांगितले की पुरे.

परंतु पाटास भगदाड असते. चपलांचे ६०० घेऊ. कोल्हापुरी पायताण म्हणजे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याविना शिवलेला तळ आणि बहुधा घरच्या बायकांनी विणलेली वेणी. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांची नावे तिच्या प्रकारांस पडली आहेत. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक येथील मिळून आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या पेढीने तशाच घडणीच्या चपला मिलान येथे मांडिल्या, तेव्हा प्रथम कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. येथून आक्षेप गेल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. परक्याने नाव गाळले म्हणून आपण रागावलो, ते योग्यच. पण आपल्याच बाजारात परप्रांतातील कारखान्यात यंत्रावर केलेली, रंगाने कोल्हापुरी दिसणारी चप्पल खरी म्हणून विकली जाते, तेव्हा त्या ६०० पैकी दुकानदाराचा नफा तेवढा येथे उरतो व बाकीची रक्कम त्याच दिवशी गाव सोडते. चामडे कमावणारा, तळ शिवणारा आणि वेणी विणणारी या तिघांच्या वाट्यास काहीच येत नाही. पाहुणा आला, पैसे दिले, आणि तरी कारागीर उपाशी, असे होऊ शकते. हे चौथीच्या मुलास नीट समजते. किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

दुसरे भगदाड वेळेचे. पहाटेच्या गाडीने यावे, दर्शन घ्यावे, मिसळ खावी, रंकाळ्यावर एक फेरी मारावी आणि सायंकाळी परतावे, अशी बहुतेकांची रीत आहे. अशा पाहुण्याने निवासाचे १,००० व रात्रीच्या जेवणाचे पैसे खर्च केलेच नाहीत. म्हणून 'अमुक लाख भाविक आले' हा वर्तमानपत्री आकडा मला अर्धाच उपयोगाचा वाटतो. किती माणसे आली यापेक्षा किती रात्री राहिली, हा प्रश्न अधिक कामाचा. मुक्काम वाढला तर पाहुणा पन्हाळ्यास जाईल, सज्जाकोठी पाहील, १६६० च्या वेढ्याची हकिगत ऐकेल. कणेरीस ग्रामजीवनाचे संग्रहालय पाहील. आणि कदाचित खिद्रापूरपर्यंत पोहोचेल. कृष्णाकाठचे कोपेश्वराचे देऊळ, त्याचा छताविना गोल आकाश दाखविणारा स्वर्गमंडप आणि नंदी नसलेले शिवमंदिर हे नवल तेथील शाळकरी मुले उत्तम रीतीने सांगतात. त्या मुलांस कोणी ते शिकविले नव्हते; ऐकून ऐकून त्यांस आले. शिक्षकांनी त्यांच्या सांगण्यातील चुका दुरुस्त केल्या तर इतिहासाचा तो उत्तम पाठ होईल. मात्र पाहुण्यापुढे हात पसरण्याची सवय त्यांस लागू नये, याकडे शाळेने पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे.

या मिळकतीचा एक दोष सांगितल्याविना पुढे जाणे बरोबर नाही. ती भरवशाची नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला व काही दिवस शहराची वाट बंद झाली. मार्च २०२० मध्ये देवळे मिटली, ती नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली. पुन्हा २०२१ च्या वसंतात मिटली, ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. त्या काळात ज्या घरांचे उत्पन्न फुले, ओटी, प्रसाद यांवर होते, त्यांस एक दाराआडची देवीच राहिली. शेतीस जोड म्हणून हा धंदा उत्तम आहे. सर्व घर त्यावरच विसंबणे धोक्याचे आहे.

येथे माझीच एक चूक नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी डोंगराच्या वाटेवरील एका शाळेची तपासणी करताना माघ महिन्यातील सोमवारी गैरहजेरी फार असल्याचे मला आढळले. मी शेरेपुस्तकात 'पालकांची अनास्था' असा शेरा लिहून मोकळा झालो. पुढील वर्षी एका रविवारी खेट्यास मी स्वतः पायी गेलो, तेव्हा पहाटे चार वाजता त्या वाटेवर चहाच्या टपरीपाशी माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी पेले विसळीत होता. रात्रभर जागलेले मूल सोमवारी वर्गात कसे येणार? अनास्था त्या घरात नव्हती. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा ज्या पाच रविवारी मिळतो, ते रविवार तेथे होते. मुलाने रात्र जागून पेले विसळणे समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. बालकाचे शिक्षण आईबापांच्या हंगामावर सोडता येत नाही, आणि ज्या संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, तेथील माणसास तर हे सांगावेही लागू नये. परंतु शेरा लिहिण्यापूर्वी कारण विचारावयास हवे होते. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पुढे माझ्या मदतीविनाच वाट काढली : माघापूर्वी पालकसभा घेतली, रात्री मुलांस टपरीवर न ठेवण्याचे वचन घेतले, आणि त्या महिन्यातील चाचण्या सोमवारऐवजी बुधवारी ठेविल्या. हजेरी पूर्ण सुधारली नाही, बरीच सुधारली.

शाहूपुरीच्या वर्गास मी एक लहान काम देऊन आलो होतो. ज्यांच्या घरचा पाहुण्यांशी संबंध येतो, त्यांनी आठ दिवस एका वहीत नोंद ठेवावी. नावे विचारू नयेत, पैसे विचारू नयेत, केवळ गाव, किती माणसे व परत केव्हा एवढेच. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा वर्गशिक्षिकांनी सर्व नोंदी एकत्र करून फळ्यावर स्तंभालेख काढविला होता. रिक्षावाल्याच्या मुलाची वही सर्वांत नेटकी होती. स्थानकावरून देवळाकडे नेलेल्या एकतीस खेपा त्याने वडिलांस विचारून लिहिल्या होत्या आणि त्यांपैकी चोवीस खेपांपुढे 'आजच परत' असे शब्द होते. शिक्षिका टक्केवारी करवून घेत होत्या. तेवढ्यात कुंभार गल्लीतील त्या मुलीने विचारिले, "बाई, आजच परत गेले तर पन्हाळा कधी बघणार?" बाईंनी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्यास सांगितले आणि उत्तरासाठी दोन मुलांस सोबत घेऊन त्या शनिवारी बसस्थानकावर पन्हाळ्याच्या गाड्यांचे वेळापत्रक उतरवून घ्यावयास गेल्या.